खोबरेलातला ख्याल

हल्ली कुणी ना कुणी माझ्याकडे जुन्या रेकॉर्डींबद्दल विचारायला येतं. काय ऐकावं, कसं ऐकावं, कुठल्या बाईंचा कुठला राग घरात असलाच पाहिजे, असले प्रश्न. मी चहा देतो, चार नावं सांगतो आणि विषय पावसापाण्यावर नेतो. लोकांना वाटतं, मास्तर थकले. थकलो आहेच, पण ते वयाने नव्हे. गाण्यावर बोलायचा मला वीट आला आहे. तो का आला ते एकदाचं सांगून टाकावं म्हणून हे लिहायला बसलो.

स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली असतील. आमचं गाव काशीदच्या पुढे, मुरुडच्या वाटेवर. वडिलांची नारळ-सुपारीची वाडी होती, आणि मी गावच्या मराठी शाळेत मास्तर होतो. वय चोवीस. त्या वयात माणसाला सगळं कळत असतं, तसं मलाही कळत होतं. अलिबागला एक कारकून निवृत्त होऊन मुलाकडे निघाले होते, त्यांच्याकडून मी चावीचा ग्रामोफोन विकत घेतला. हौसेने घेतला. वडील चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि पाचव्या दिवशी त्यांनीच विचारलं की हे आता वाजणार आहे की नाही.

वाजला. पण खाऱ्या हवेत लोखंड किती टिकणार? वेग कमी-जास्त करायची दांडी आधीच गंजून एका जागी बसली होती. दिवाळीच्या सुमाराला आत किरकिर सुरू झाली. मशीनमध्ये घालायचं तेल मुंबईहून आणावं लागे आणि मला धीर नव्हता. आमच्याकडे सगळ्यालाच खोबरेल लागायचं. केसांना, भाजलेल्याला, आईच्या शिवणाच्या मशीनला, दाराच्या बिजागऱ्यांना, विहिरीच्या रहाटाला. मी घरच्या घाण्यावरचं पिवळंधमक खोबरेल घेतलं आणि ग्रामोफोनच्या पोटात सढळ हाताने ओतलं. किरकिर थांबली. मी आईला म्हणालो, बघ, उगाच मुंबईला पैसे घालवायचे.

खोबरेल थंडीत थिजतं हे आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पौष महिन्यात प्रत्येक घराच्या अंगणात उन्हाला एकेक बाटली उभी असे, न्हाण्याआधी पातळ व्हावी म्हणून. आमच्याही अंगणात असे. तिच्यापासून चार हातांवर ओटीवर बसून आम्ही रविवारी सकाळी रेकॉर्डी ऐकायचो, आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

आम्ही म्हणजे मुख्यतः तिघं. मी, गावातले भजनीबुवा आणि दाराच्या आत बसलेली माझी धाकटी बहीण. बुवांचं शिक्षण दुसरीपर्यंत, पण कान तिखट होता. पेटीवर बोट ठेवून कुठल्याही आवाजाची पट्टी सांगत, मग तो माणसाचा असो की बोटीच्या भोंग्याचा. बहीण सतरा वर्षांची. तिला पेटीवर भजनं बुवांनीच शिकवली होती. आवाज असा की ती विहिरीवर गुणगुणायला लागली की शेजारचा रहाट थांबायचा. हे मी भाऊ म्हणून सांगत नाही. तो रहाट थांबवणारे शेजारचे आजोबा मुळीच गाणंबिणं मानणारे नव्हते.

चौथे चाचा, गावच्या मोहल्ल्यातले, सगळा गाव त्यांना चाचाच म्हणे. ते बोटीवर इंजिनघरात होते, वर्षातले नऊ महिने दर्यावर. त्या वर्षी कार्तिकात घरी येऊन गेले आणि जाताना रेकॉर्डींचा एक गठ्ठा माझ्या ओटीवर ठेवून गेले. काही चोरबाजारातल्या, काही कुठल्या कुठल्या बंदरांवर घेतलेल्या. एक कव्वाली, दोन नाट्यपदं, एक अरबी गाणं, एक गोऱ्यांच्या बँडची, आणि एका बाईंचा ख्याल. मी परत येईपर्यंत ऐका आणि मला सांगा कुठली कशी आहे ते, असं म्हणून चाचा गेले. म्हणजे गाणी आम्हाला सगळी नवी. मुळात ती कशी वाजतात हे सांगायला कुणी नव्हतं.

मी रविवारच्या बैठकीला नियम घातला. मास्तर ना मी. रेकॉर्ड एकदा लावायची, कुणी बोलायचं नाही. मग प्रत्येकाने आपलं मत सांगायचं. मग पुन्हा लावायची आणि मत टिकतं का पाहायचं. शेवटी मी निकाल द्यायचा आणि तो वहीत लिहायचा. ती वही मी पुढे चुलीत घातली, पण त्यातली बरीचशी वाक्यं पाठ आहेत, आणि ती आठवली की अजून अंगावर काटा येतो. गोऱ्यांच्या बँडच्या रेकॉर्डीबद्दल मी लिहिलं होतं की हे प्रेतयात्रेचं संगीत असावं, कुणा मोठ्या सेनापतीच्या. आम्ही ती मान खाली घालून ऐकायचो. बुवा तर शेवटी हात जोडायचे. अरबी गाणं म्हणणारा म्हातारा आणि आजारी आहे असं आमचं एकमत झालं होतं. कव्वालीत टाळ्या इतक्या सावकाश पडत की बुवा म्हणाले, हे लोक फार विचार करून टाळी देतात. पौषात एकदा ते हसत म्हणाले की थंडीत रेकॉर्डीचाही घसा बसतो बहुतेक. आम्ही सगळे हसलो, आणि खरं उत्तर हातात येऊन निसटलं.

पण जीव जडला तो ख्यालावर. तीन-साडेतीन मिनिटांचा तो ख्याल आमच्याकडे चांगला चार मिनिटं चाले. बुवांनी पेटीवर पट्टी काढली, पांढरी चार. ते थोडे चपापले. बाईमाणसाचा सूर इतका खाली कसा, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी त्यांना समजावलं की हेच तर गांभीर्य, वरच्या पट्टीत किंचाळणाऱ्या पुष्कळ आहेत. आणि अंतऱ्यात एक जागा होती. तिथे बाई वरच्या षड्जावर जाऊन उभ्या राहत आणि तो सूर हळूच, अगदी डोळ्यांत पाणी यावं असा खाली झुके आणि पुन्हा वर येई. दर वेळी जवळपास तिथेच. चावी उतरत आली की आतलं थिजलेलं तेल स्प्रिंगच्या पट्ट्याला धरून ठेवायचं आणि मशीनला धाप लागायची, एवढंच ते होतं. मी त्याला मींड म्हणालो, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर मुद्दाम घसरत जाण्याची खुबी. नुसता म्हणालो नाही, त्यावर अर्धा तास बोललो. सिद्ध झालेला सूर सोडून देण्याचं धैर्य, असे शब्द मी वापरले होते. बुवा मान डोलवत होते. आत बहीण ऐकत होती.

ती ते शिकली. माझ्या सांगण्यावरून शिकली. तोच संथपणा, तीच पांढरी चार, आणि अंतऱ्यातला तो झुकणारा सूर. त्या झुकणाऱ्या सुरासाठी मी तिच्याकडून महिनाभर घोटून घेतलं. ती सुरुवातीला सूर सोडतच नसे, सरळ उभा ठेवी. मी म्हणे, अगं वाक, वाक जरा, बाई वाकतात तिथे. शेवटी ती वाकायला शिकली.

एवढ्या घोटण्याला कारण होतं. गिरगावात आमची एक मावशी होती. तिच्या घराजवळ एक गायनविद्यालय होतं, तिथे वयस्क बाई शिकवत आणि दर वर्षी माघात चार-पाच नवीन मुली परीक्षा पाहून घेत. मावशी तिला ठेवून घ्यायला तयार होती. वडील मात्र एका मुलीच्या गाण्यासाठी किती दिवस थांबायचं या मताचे. स्थळ पाहून ठेवलं होतं. ते एकदाच बोलले आणि स्पष्ट बोलले: “एकदा जाऊन या. घेतलं तर घेतलं. नाही तर वैशाखात लग्न, आणि मग या घरात गाण्याचा विषय नाही.”

 त्या महिन्यात बहीण पहाटे उठून, भाकरी थापायच्या आधी, परसात केळींच्या आड जाऊन गात असे. आईला म्हणाली होती की मला दोन वर्षं मिळाली तर मी पुढे जन्मभर काही मागणार नाही. आईने हे मला सांगितलं तेव्हा मी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, मी आहे ना.

माघ निम्मा सरला तसे आम्ही दोघं निघालो. रेवसपर्यंत मोटार, तिथून लाँच, भाऊच्या धक्क्यावर उतरून ट्राम. तिला लाँच लागली, तरी ती ओठ हलवत पाठ म्हणत होती. मी वाटेत पुन्हा एकदा त्या मींडेबद्दल बोललो.

विद्यालय दुसऱ्या मजल्यावर होतं. पालकांनी बाहेर थांबायचं, पण मी मास्तर आहे, गाण्यातलं कळतं, असं सांगून आत भिंतीशी बसलो. बाई साध्या नऊवारीत, चष्मा, तंबोरा मांडीवर. त्यांनी बहिणीला पट्टी विचारली. ती पांढरी चार म्हणाली तेव्हा बाईंनी तिला थोडं बोलायला लावलं आणि म्हणाल्या की तुझा आवाज चढा आहे, खाली का गातेस? मग सवयीचं आहे तर गा, असं म्हणून त्यांनी तंबोरा लावून दिला.

ती गायली. मला फार छान वाटलं. अंतऱ्यात ती वरच्या षड्जावर गेली, उभी राहिली, तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि सूर खाली झुकवला.

बाईंनी तारांवर हात ठेवला. “इथे सूर का सोडलास?”

तिने तोंड उघडायच्या आधी मी भिंतीपासून म्हणालो की ती मींड आहे, मूळ रेकॉर्डीत तशीच आहे. बाईंनी कुठली रेकॉर्ड ते विचारलं. मी सांगितल्यावर त्या जरा हसल्या. ती रेकॉर्ड त्यांच्याकडेही होती. त्यात असं काही नाही, म्हणाल्या. मी म्हणालो, मी ती शंभरदा ऐकली आहे. त्या म्हणाल्या, मीही ऐकली आहे. मग त्या माझ्याशी बोलायच्या थांबल्या आणि बहिणीला म्हणाल्या, आवाज देवाने दिलेला आहे, पण सवय वाईट लागली आहे. वर्षभर रेकॉर्ड ऐकू नकोस, नुसता तंबोरा घेऊन बैस, आणि पुढच्या माघात ये, मी तुला घेईन.

पुढच्या माघात ये. दार बंद झालं नव्हतं. मी तिथे हात जोडून वडिलांच्या नावे एक चिठ्ठी मागितली असती, एका वर्षाची मुदत मागितली असती, तरी वडील कदाचित ऐकते. पण रेकॉर्ड ऐकू नकोस हे वाक्य मला लागलं होतं. माझ्या रविवारच्या बैठकीवर, माझ्या वहीवर कुणीतरी थुंकल्यासारखं वाटलं. मी म्हणालो, तुम्हाला मोठ्या गायिकेची जागा कळत नसेल तर आमच्या मुलीला इथे शिकायचं नाही. आणि तिचा हात धरून जिना उतरलो. मावशीकडे जेवायलाही थांबलो नाही.

परतीच्या लाँचमध्ये मी खूप बोललो. शहरातल्या लोकांचं गाणं कसं पुस्तकी असतं, वगैरे. ती पाण्याकडे बघत होती. घरी वडिलांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, नाही घेतलं. पुढच्या माघाचं मी बोललोच नाही. तीही बोलली नाही. वैशाखात तिचं लग्न झालं, आगरदांड्याहून तरीने खाडी ओलांडली की पलीकडे, दिघीच्या बाजूला. माणसं चांगली होती. गाण्याशी मात्र त्यांचा काही संबंध नव्हता.

ज्येष्ठ लागताच, पाऊस पडायच्या आधी, चाचा परत आले. उन्हाळ्यात आमच्या बैठकी बंद होत्या, मला मुळी उत्साहच नव्हता. चाचांनी गठ्ठा मागितला, आणि कुठली कशी वाटली ते विचारलं. मी वही वाचून दाखवायला लागलो. प्रेतयात्रेपाशी आलो तेव्हा त्यांनी मला थांबवलं, ती रेकॉर्ड काढली आणि मशीनवर ठेवली. कडक उन्हाळा, तेल पातळ. सेनापतीची प्रेतयात्रा ओटीवर उड्या मारत सुटली.

“नाचायची रेकॉर्ड हाय ती, मास्तर,” चाचा म्हणाले. मग त्यांनी मशीनचं झाकण उघडलं, बोट घातलं, वास घेतला. जन्मभर इंजिनाला तेल घातलेला माणूस. “हे मशीन हाय, डोकं न्हाय. खोबरेल कुणी घातलं?”

ते पोट धरून हसले. मीही हसलो असतो. पण माझ्या हाताने गठ्ठ्यातून ख्यालाची रेकॉर्ड काढली होती आणि ती लावण्यावाचून गत्यंतर नव्हतं. काळी चार, म्हणजे पांढरी चारच्या बरीच वर. पाण्यासारखा वाहता, हसरा ख्याल. आणि अंतऱ्यातला वरचा षड्ज सरळ, स्वच्छ, देवळातल्या समईसारखा उभा. कुठेही झुकला नाही. मी चाचांना हात जोडून म्हणालो की हे गावात बोलू नका. ते एकदम गंभीर झाले, ख्यालाची रेकॉर्ड माझ्याकडेच ठेवून गेले, आणि मरेपर्यंत त्याबद्दल बोलले नाहीत.

त्यानंतर पंधरा-सोळा वर्षं गेली. ग्रामोफोन मी माळ्यावर टाकला. पुढे गावात वीज आली आणि मी विजेवरचा रेकॉर्डप्लेअर आणला, अर्ध्या तासाच्या मोठ्या रेकॉर्डी आल्या, पुन्हा माणसं ओटीवर जमायला लागली. खेडोपाडी माझं नाव झालं होतं, या मास्तरांना गाण्यातलं कळतं म्हणून. मी बोलत असे, फक्त मींडेचा विषय टाळत असे. बहीण सणासुदीला येई तेव्हा मी मशीन झाकून ठेवी.

एकदा श्रावणात ती आठ दिवस राहायला आली. मुलं अंगणात चिखलात खेळत होती, ती ओटीवर सुपारी कातरत बसली होती. तिच्या केसांत पांढरी बट दिसली मला. मनात आलं, आता नाही तर कधी सांगणार? मी तो जुना ख्याल काढला आणि लावला. तिने अडकित्ता खाली ठेवला. रेकॉर्ड संपेपर्यंत हलली नाही.

मग मी तिला सगळं सांगितलं. खोबरेल, थंडी, चाचा, वरचा षड्ज. पुढच्या माघाचंही सांगितलं, की ते वडिलांपासून मी लपवलं. शेवटी मी म्हणालो, “बाय, मला माहीत नव्हतं गं. आपल्या कुणालाच माहीत नव्हतं.”

“मला होतं,” ती म्हणाली.

मला कळेना. ती रागावून बोलत नव्हती, सुपारीच्या खांडांकडे बघत बोलत होती. परीक्षेच्या आठ दिवस आधी वरच्या आळीत लग्न होतं. बॅटरी घेऊन आलेल्या लाउडस्पीकरवाल्याने सकाळी तीच रेकॉर्ड लावली होती. ती विहिरीवर होती, कळशी तशीच ठेवून तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा लागली, पुन्हा ऐकली. परसात केळींच्या आड ती तेव्हापासून तशीच गात होती, वरच्या पट्टीत, सूर सरळ ठेवून.

“मग सांगितलं का नाहीस?” मी विचारलं.

“सांगितलं होतं, दादा. त्याच संध्याकाळी. तू म्हणालास, लाउडस्पीकरवाल्याचं मशीन पळतं, त्याला काय कळतंय.”

मला हे आठवत नाही. तेव्हा आठवलं नाही आणि आजही आठवत नाही. ओटी आठवते, त्या महिन्यातला प्रत्येक रविवार आठवतो, माझी वाक्यं तर शब्दन् शब्द आठवतात. ती माझ्यापाशी आली आणि काही म्हणाली, हे मात्र माझ्याकडे नाहीच. पण ती खोटं बोलणारी नव्हे, आणि ते उत्तर अगदी माझंच आहे.

मग मी विचारलं की तुला खरं येत होतं, तर तिथे बाईंसमोर तसं का नाही गायलीस? एकदा गायली असतीस तर त्यांनी त्याच दिवशी घेतलं असतं.

तिने अडकित्ता उचलला. “मी सूर धरला होता की. मग तुझ्याकडे बघितलं,” ती म्हणाली. “तू किती आशेने वाट बघत होतास, मी कधी वाकते त्याची.”